तंजावर, पहिली परिषद आणि सतरा नंबरचा रुमाल

मंगळवार

गाडी दुपारी चारनंतरची आणि मी दोनलाच पुणे स्टेशनवर जाऊन बसले. साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आले होते, एक सॅक, एक छोटी बॅग आणि हातात पुठ्ठ्याची लांब नळी, त्यात दोन मोठे प्रिंट गुंडाळलेले. आई शेवटपर्यंत म्हणत होती की अगं दादाला तरी घेऊन जा, एवढ्या लांब एकटी कशाला, तिकडे भाषा पण येत नाही. मी म्हणलं आई, परिषद माझ्या कामाची आहे, दादा तिथे तीन दिवस बसून काय करणार. मग ती गप्प झाली आणि लाडवांचा डबा सॅकमध्ये कोंबला.

आधी सांगते मी काय करते. साताऱ्याकडच्या एका छोट्या संस्थेत दफ्तराचं, म्हणजे जुन्या कागदपत्रांचं काम बघते, दीड वर्ष झालं. लोकांच्या वाड्यातून, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांतून मोडी लिपीतले जुने कागद येतात, ते ब्रशने साफ करायचे, वाचायचे, त्यांची यादी करायची आणि परत रुमालात बांधून ठेवायचे. रुमाल म्हणजे खिशातला नाही, दफ्तर बांधायचं चौकोनी कापड, आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. आमच्याकडे या कामाला मी आणि शिपाई मामा, एवढेच. मोडी मी सुट्टीतल्या वर्गात शिकले, कागद कसे हाताळायचे ते एका छोट्या कोर्समध्ये. पण हेच काम करणारं दुसरं माणूस मी समोरासमोर कधी बघितलंच नव्हतं. अडलं की विचारायला कोणी नाही. म्हणून तंजावरला अभिलेखपालांची, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्यांची, तीन दिवसांची परिषद आहे आणि नवीन लोकांना दहा-दहा मिनिटं बोलायला देणारेत असं कळलं तेव्हा मी त्याच रात्री अर्ज लिहिला. संस्थेने नोंदणीची फी भरली, प्रवासाचा खर्च माझा.

तंजावर ऐकूनच माझं ठरलं होतं. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे तिकडे गेले, १६७० च्या दशकात त्यांनी तंजावर घेतलं आणि मग १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. म्हणजे तमिळ मुलखात पावणेदोनशे वर्षं मराठी दरबार, आणि दरबार म्हणलं की कागद आलेच, मोडीत लिहिलेले.

सोलापूरला आत्या फलाटावर उभी होती, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. गाडी थांबली तेवढ्या वेळात खिडकीतून डबा दिला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली पोचलीस की फोन कर. वाडी स्टेशननंतर झोप लागली.

बुधवार

दुपारी चेन्नई. रात्रीची गाडी एग्मोरहून होती म्हणून ऑटोने एग्मोरला गेले, बॅग क्लोकरूममध्ये टाकली आणि चालत तमिळनाडू पुराभिलेखागाराकडे निघाले, ते स्टेशनजवळच आहे, गांधी आयर्विन रोडवर. १९०९ मध्ये मद्रास रेकॉर्ड ऑफिस म्हणून सुरू झालेली ही जागा. सतराव्या शतकातले डच लोकांचे कागदसुद्धा आहेत तिथे. आत जायला आधी परवानगीचं पत्र लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं, तरी गेटबाहेर झाडाखाली बराच वेळ उभी राहिले. एक बाई हातगाडीवर पुठ्ठ्याच्या पेट्या घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात गेल्या, सावकाश, खड्ड्यापाशी गाडी जरा उचलून धरत. मी पण आमच्याकडे असंच करते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही पण मला फार बरं वाटलं.

रात्री उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. वरचा बर्थ. नळी उशाशी घेऊन झोपले.

गुरुवार

पहाटे साडेपाचला तंजावर. अंधार होता, स्टेशनबाहेर कॉफीचा वास सुटलेला. पितळी पेला आणि खाली खोलगट वाटी, त्यात ओतून ओतून कॉफी देतात, आधी ती घेतली आणि मग लॉजवर गेले. तिथे काउंटरवरच्या माणसाने बुकिंग बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकट्या मुलीला रूम देत नाही म्हणाला. पैसे आधीच भरलेत, परिषदेचं पत्र दाखवलं, तरी नाही. अर्धा तास बॅगेवर बसून होते. रडू येत होतं आणि रागही, कारण हे फोनवर आधी सांगता आलं असतं. शेवटी नोंदणीच्या कागदावर एक नंबर होता त्यावर फोन केला, पलीकडून एक अक्का बोलल्या, स्वयंसेवक होत्या, वीस मिनिटांत स्कूटीवर आल्या, काउंटरवर तमिळमध्ये दोनच वाक्यं बोलल्या, माझे पैसे परत घेतले आणि मला स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. तीन रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. त्यांना मराठी नाही, मला तमिळ नाही, इंग्रजी दोघींची मोडकी, पण त्यांच्या आईने पहिल्याच दिवशी माझ्या केसात मोगरा माळला.

सभागृह गावाबाहेर होतं. दारात बॅज मिळाला, त्यावर माझं नाव आणि खाली आर्काइव्हिस्ट. हा शब्द माझ्या नावाखाली छापलेला पहिल्यांदा बघितला. घरी मी 'लायब्ररीसारखं काहीतरी' करते असंच सगळ्यांना वाटतं.

सकाळची भाषणं मोठी मोठी होती, धोरण, कायदा, १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा वगैरे. सगळं लिहून घेतलं, पण मनात राहिलं ते दुपारचं पुरावरचं सत्र. केरळच्या एक मॅडम, तीस वर्षं कागद दुरुस्तीत काढलेल्या, २०१८ च्या पुराबद्दल बोलल्या. भिजलेला कागद उलगडायला जाऊ नका, ओल्या कागदाला स्वतःचं वजन पण पेलत नाही. उन्हात टाकू नका. ४८ तासांत बुरशी धरते, तेवढ्यात जमेल तेवढं टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा आणि उरलेलं सरळ फ्रीझरमध्ये ठेवा, गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, मग सवडीने एकेक काढा. मी ऐकताना २०१९ ची सांगली आठवत होते. तेव्हा मी कॉलेजात होते, मदतीला गेलो होतो, वाचनालयातली भिजलेली पुस्तकं आम्ही चांगल्या मनाने, भराभर, कडक उन्हात पसरत होतो. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

जेवायला केळीच्या पानावर बसलो तर योगायोगाने त्याच मॅडम शेजारी. मी काही बोलेना, मग त्याच म्हणाल्या तुझं उद्या आहे ना, मोडीवालं? मी यादीत बघितलंय. माझ्या घशाखाली भात उतरेना.

शुक्रवार

माझं सकाळी साडेअकराला. विषय साधा होता, एका वाड्यातून आलेलं दफ्तर, त्यातले ४२ रुमाल, ते साफ करून परत कसे बांधले. कापड कोणतं घ्यायचं हे पण त्यात होतं, म्हणजे कोरं मांजरपाट घ्यायचं पण आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढायची, कारण कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, खळीवर येते आणि मग कागदावर.

स्टेजवर गेले, पीपीटी उघडली आणि मोडीच्या जागी सगळे चौकोन. माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हता. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, पण कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकलेला नसेल तर दिसणार कुठून. दोन मिनिटं तशीच गेली, माइक हातात, कान गरम झालेले. नळीतले प्रिंट शेवटच्या रांगेपर्यंत दिसले नसते. मग बाजूला पांढरा फळा होता तिकडे गेले आणि मार्करने आधी एक आडवी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणलं, मोडी लिहिणारा आधी ही रेघ ओढतो, पूर्ण ओळीची, आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत जातो, बोरू शक्य तेवढा न उचलता. आणि लिहून दाखवलं. सभागृह एकदम शांत. पुढच्या रांगेतले ताडपत्रांवर काम करणारे एक सर उभे राहून म्हणाले, परत काढा. मी परत काढलं. ते म्हणाले आमच्याकडे बरोबर उलटं, ताडपत्रावर लोखंडी लेखणीने आडवी सरळ रेघ मारली तर पान शिरेबरोबर चिरतं, म्हणून आमची अक्षरं गोल असं म्हणतात. कागद आणि पान, बोरू आणि लोखंड, आणि त्यावरून अक्षराचा आकार, हे मी कधी असं शेजारी शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं. तिथेच माझी भीती गेली.

पण खरी गोष्ट पुढची आहे. प्रश्नांच्या वेळी केरळच्या मॅडमनी हात वर केला आणि विचारलं, मूळ क्रम सांभाळला का सगळ्या रुमालांचा?

आमच्या कामातला पहिला नियम हाच आहे. कागद ज्याने ठेवले त्याने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही. कोणत्या कागदाशेजारी कोणता होता ही पण माहितीच आहे, ती कुठेही लिहिलेली नसते, फक्त गठ्ठ्यात असते.

४१ रुमालांचं उत्तर हो होतं. सतरा नंबरचं नाही. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, तेव्हा मला एवढं कळत नव्हतं आणि नीटनेटकं करायचा उत्साह होता, मी सतरा नंबर सोडला आणि त्यातले कागद तारखेप्रमाणे लावले. दोन दिवस लागले, खूप छान वाटलं तेव्हा. काही महिन्यांनी दुसरे रुमाल वाचताना लक्षात आलं की त्या वाड्यातल्या कारकुनाने कागद प्रकरणावार ठेवले होते. सतरामध्ये पाटाच्या पाण्याच्या पाळीचा एक जुना तंटा होता, अर्ज, साक्षी, निवाडा, परत अर्ज, असं एकात एक घडी करून. मी ते सगळं चाळीस वर्षांच्या तारखांमध्ये पसरून टाकलं. त्याहून वाईट म्हणजे कितीतरी पत्रांवर सालच नसतं. नुसतं छ आणि मुसलमानी महिन्याची तारीख, छ म्हणजे चंद्र, त्या महिन्याची तितकी रात्र, पण कोणत्या वर्षाची ते नाही. ते वर्ष शेजारच्या कागदावरून ठरवायचं असतं. अशी तेवीस पत्रं मी 'बिनतारखी' म्हणून शेवटी एकत्र ठेवली. शेजार तुटला, वर्ष गेलं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, मामांना सुद्धा नाही, आणि यादीत सतरा नंबर इतरांसारखाच दिसतो, वाचणाऱ्याला वाटेल हे असंच आलं होतं.

मी माइकवर सगळं सांगितलं. नाही मॅडम, एक मोडला, मी मोडला, असा असा. बोलताना आवाज कापत होता पण पूर्ण सांगितलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या मी पण केलंय, १९९० च्या आसपास, एक पूर्ण पेटी. आता अंदाजाने परत लावायला जाऊ नकोस, त्याने दुसरी चूक होईल. आधी लिही. काय केलंस, कधी केलंस, कोणी केलं, काय आठवतंय, आणि तो कागद त्याच रुमालात ठेव, सगळ्यात वर. आणि फोन बघ, तुम्ही हल्लीची मुलं काहीही करायच्या आधी फोटो काढता.

फोटो. मी काढले होते. पहिला रुमाल होता ना मी एकटीने सोडलेला, आईला पाठवायला काढले होते. जुन्या फोनमध्ये असणार, आणि तो घरी कपाटात.

लंचला चार-पाच जण येऊन बोलले. प्रत्येकाची एक गोष्ट होती. कोणी पाठीमागची नोंद न वाचता कागद चिकटवलेला, कोणी नीट दिसावं म्हणून सेलोटेप लावलेली, टेप पिवळी पडली आणि शाई घेऊन निघाली. इतके महिने मला वाटत होतं की हे फक्त माझ्याच हातून झालं. दुपारची सत्रं काय होती ते वहीत आहे, मला खरंच आठवत नाही.

रात्री दादाला फोन केला, कपाटातला जुना फोन चार्जिंगला लाव.

शनिवार

अर्धा दिवस सत्रं, मग सगळ्यांना राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयात नेलं. भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा संग्रह, पण त्याला मोठं केलं ते दुसऱ्या सरफोजीराजांनी, १७९८ ते १८३२ त्यांची कारकीर्द. माणूस काय असेल हो. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे शिकले, युरोपातून पुस्तकं मागवली, वैद्यकाची, प्राण्यांची, चित्रांची, त्यावर इंग्रजीत स्वतःची सही करायचे. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापनीतीच्या गोष्टी मराठीत छापल्या, बालबोध मुक्तावली. पुण्यामुंबईत मराठी पुस्तकं छापायला लागली त्याच्या कितीतरी आधी! १९१८ मध्ये हे ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, ताडपत्रं, आणि मोडी दफ्तराची हजाराच्या वर गाठोडी.

काचेखाली एक मोडी कागद होता. मी खाली वाकले. वर मधोमध श्री, खाली डावीकडून रेघ निघालेली, मध्ये कुठे न तुटता उजव्या कडेपर्यंत, जिथे बोरू परत बुडवला तिथे शाई एकदम काळी आणि मग हळूहळू फिकी होत गेलेली. त्या फिकं होण्यावरून लिहिणाऱ्याचा हात मोजता येतो, एका बुडीत पाच-सहा शब्द. काजळाची शाई, दोनशे वर्षांनीही काळी. लोखंडाच्या शाईने कागद जळतो, काजळाने नाही, फक्त पाणी लागू द्यायचं नाही. वळण आमच्याकडच्यापेक्षा वेगळं होतं, काही अक्षरं अडली. पण 'तपसील' शब्द आला आणि मी तो मोठ्याने वाचला, आपोआप.

मागून आवाज आला, तुम्हाला वाचता येतंय? मराठीत! वळून बघितलं तर एक म्हातारे काका, पांढरं धोतर, स्वयंसेवकांचा बॅज. तंजावरच्या मराठी घरातले, कित्येक पिढ्या इथेच. त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती, शब्द जुने, मध्ये एखादा मला न कळणारा, पण मराठीच. घरात बोलतात, मोडी मात्र कोणाला येत नाही, आजोबांनंतर संपलं. मग खिशातून फोन काढला आणि एक फोटो दाखवला. आजोबांच्या पेटीतला कागद, इतक्या वर्षांत काय आहे ते कळलं नाही म्हणाले.

राजवाड्याच्या ओवरीत पायरीवर बसलो आणि मी फोटो मोठा करून करून वाचायला घेतला. आधी वाटलं जमाखर्च आहे. मग लक्षात आलं, आहेराची यादी. कोणाकडून धोतरजोडी, कोणाकडून खण, कोणाकडून नारळ आणि सुपारी, रुपये दोन, रुपया एक. मी एकेक नाव वाचत होते आणि चौथ्या नावाला काका म्हणाले थांबा. त्यांनी बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकला, म्हणाले परत वाचा. मी परत वाचलं. पलीकडून काकू म्हणाल्या, ही तर माझ्या आजेसासूबाईंच्या माहेरची माणसं, हे त्यांच्याच लग्नाचं. मग बराच वेळ फोनवर कोणी बोलेना. मी पूर्ण यादी वाचून काढली, अक्षर ना अक्षर, आणि कागदावर देवनागरीत उतरवून दिली, जिथे लागलं नाही तिथे टिंबं ठेवली. काकांना सांगितलं, पेटीतले बाकीचे कागद हलवू नका, आहेत तसेच राहू देत, आधी वरून फोटो काढा, मग एकेक उचला, प्रत्येकाला नंबर द्या. सांगताना मला जाणवलं की हे मी ठामपणे सांगतेय.

संध्याकाळी काका मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० मध्ये पूर्ण झालेलं, शिखराकडे बघताना मान दुखते. पण ते मला प्राकाराच्या भिंतीकडे घेऊन गेले, आणि तिथे दगडात मराठी. देवनागरीत. भोसल्यांचा वंशवृत्तांत, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, ओळींवर ओळी, भिंत संपेपर्यंत. आजूबाजूला चोळांचे तमिळ लेख, माणसं तमिळ बोलत प्रदक्षिणा घालतायत, आणि मी भिंतीला हात न लावता हवेत बोट फिरवत वाचतेय. दिवे लागल्यावर उजेड तिरपा पडला आणि अक्षरं एकदम उठून दिसली. काका म्हणाले याच वेळेला येतो मी वाचायला.

जेवायला त्यांच्याकडे. काकूंनी दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं काहीतरी वाढलं, नाव विचारलं तर डांगर पचडी. डांगर! आमच्याकडे आजी करायची, हाच शब्द. काकूंना सांगितलं तर त्यांनी अजून वाढलं.

रविवार ते मंगळवार

रविवारी अक्काच्या आईने वाटेसाठी लिंबूभात बांधून दिला. निघताना पाया पडले, त्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, अक्का म्हणाली, पुढच्या वेळी आईला घेऊन ये म्हणतेय.

सोमवारी चेन्नईहून गाडीत बसले आणि रेणिगुंट्याच्या आसपास दादाने फोटो पाठवले. अकरा. पहिल्यात रुमाल नुकताच सोडलेला, गठ्ठा आहे तसा. कडांवरून घड्या मोजता येतात. तिसऱ्यात निवाड्याचा कागद ओळखला, त्याच्या कोपऱ्यावर चहाच्या रंगाचा डाग आहे, आणि त्याच्या पोटात दोन छोटी पत्रं, त्यातल्या एकावर छ ११ रजब एवढं वाचता येतं. ही दोन्ही माझ्या 'बिनतारखी' ढिगातली. निवाड्यावर साल आहे. म्हणजे या दोन पत्रांना त्यांचं साल परत मिळण्याची शक्यता आहे. सोलापूर येईपर्यंत वहीत तक्ता केला, तेवीसपैकी नऊ पत्रांची मूळ जागा फोटोवरून दिसते, चौदांची नाही दिसत.

मंगळवारी सकाळी पुणे, तिथून सरळ साताऱ्याची एसटी, घरी बॅग टाकली आणि दुपारी संस्थेत. मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले मग आज लगेच करायचं का. मी म्हणलं आजच. सतरा नंबर खाली काढला, गाठ सोडली, आणि बिनआम्लाच्या कागदावर पेन्सिलने लिहून सगळ्यात वर ठेवलं:

'या रुमालातील कागदांचा सध्याचा क्रम मूळ नाही. दफ्तर आले तेव्हा कागद प्रकरणावार होते. संस्थेत आल्यानंतर ते तारखेप्रमाणे लावले गेले, लावणारी मी. सोडण्यापूर्वीचे अकरा फोटो सोबत आहेत. नऊ पत्रांची मूळ जागा त्यावरून दिसते, तक्ता जोडला आहे. चौदा पत्रांची जागा समजत नाही.' खाली माझं पूर्ण नाव, आणि तारीख, वर्षासकट.